किमान पेन्शन मिळाली की माणूस काम सोडतो का?

जुलै 2024 मध्ये ब्रिटनच्या नव्या सरकारने वरकरणी छोटा वाटणारा एक निर्णय जाहीर केला. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या खर्चासाठी तेथील जवळजवळ प्रत्येक वृद्धाच्या घरात वर्षाला 200 किंवा 300 पौंड येत असत. ते यापुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये मुख्यतः 'पेन्शन क्रेडिट' घेणाऱ्यांनाच, म्हणजे अगदी कमी उत्पन्नाच्या वृद्धांनाच, मिळतील असे ठरले आणि सुमारे एक कोटी लोक एका फटक्यात यादीबाहेर गेले. खाऊनपिऊन सुखी असलेल्यांना ही मदत कशासाठी, हा सरकारचा प्रश्न गैर नव्हता. वाद पेटला तो सीमारेषेवर. ज्याचे उत्पन्न रेषेच्या एक पौंड खाली त्याला पूर्ण रक्कम आणि ज्याचे एक पौंड वर त्याला काहीच नाही, असा तो हिशेब होता. शिवाय रेषेखाली असूनही ज्यांनी पेन्शन क्रेडिटसाठी कधी अर्जच केला नव्हता, तेही कोरडेच राहिले.

वृद्धांना किमान काहीतरी मिळालेच पाहिजे, या मागणीभोवतीची चर्चा जगात कोठेही याच दोन टोकांना जाऊन अडकते. एक बाजू म्हणते की आयुष्यभर राबलेल्या माणसाला म्हातारपणी हात पसरावा लागू नये. दुसरी म्हणते की न कमावता मिळू लागले तर कमावणार कोण आणि साठवणार कोण? दोन्ही बाजू बहुतेक वेळा पेन्शनच्या रकमेवर भांडतात. माझ्या मते खरी मेख रकमेत कमी आणि ती रक्कम परत कशी काढून घेतली जाते यात जास्त आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

मुळात पेन्शन इतकी कमी पडतेच कशी?

बहुतेक देशांत पेन्शनचा मुख्य भाग वर्गणीवर चालतो. नोकरीत असताना पगाराचा काही हिस्सा माणूस भरतो, काही मालक भरतो आणि त्या हिशेबाने निवृत्तीनंतर दरमहा रक्कम मिळते. जर्मनीत 1889 साली ओटो फॉन बिस्मार्क यांच्या काळात झालेला कायदा याच पद्धतीचा होता.

या पद्धतीत म्हातारपण हे तरुणपणाचा आरसा होते आणि हा आरसा चेहरा आहे त्याहून लहान दाखवतो. सर्वसाधारण सूत्र असे असते की पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. त्यामुळे सरासरीच्या निम्म्या पगारावर निम्मीच वर्षे काम केलेल्या व्यक्तीची पेन्शन निम्मी होत नाही, चतुर्थांश होते. मुलांच्या संगोपनासाठी किंवा आजारी माणसाच्या सेवेसाठी नोकरी सोडलेली स्त्री, ज्याची कोठे नोंदच नव्हती असा मजूर, आज काम तर उद्या नाही अशी वर्षे काढलेला कारागीर, हे सगळे या गुणाकारात सापडतात. त्यांनी काम कमी केलेले नसते, सूत्राला दिसेल असे काम कमी केलेले असते.

म्हणून बिस्मार्क यांच्या कायद्यानंतर थोड्याच वर्षांत दुसरा मार्ग निघाला. डेन्मार्कने 1891 मध्ये, न्यूझीलंडने 1898 मध्ये आणि ब्रिटनने 1908 मध्ये वर्गणी न मागता सरकारी तिजोरीतून गरीब वृद्धांना पेन्शन देणारे कायदे केले. उत्पन्न कितीही तुटपुंजे असले तरी ज्याच्या खाली वृद्धाला जाऊ द्यायचे नाही अशी पातळी ठरवणे, हा किमान पेन्शनचा अर्थ आहे.

ही पातळी राखण्याचे आज ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. न्यूझीलंड आणि नेदरलँड्समध्ये ठरावीक वय आणि वास्तव्याची अट पूर्ण करणाऱ्याला पैसा तपासल्याशिवाय मूळ पेन्शन मिळते. ब्रिटनचे पेन्शन क्रेडिट किंवा दक्षिण आफ्रिकेची वृद्धांसाठीची सरकारी पेन्शन उत्पन्न तपासून दिली जाते. स्पेनसारखे देश वर्गणीदारांनाच किमान रकमेची हमी देतात, तीही किमान 15 वर्षांची वर्गणी असेल तरच. तिन्हींना बातम्यांत 'किमान पेन्शन' हेच नाव मिळते आणि अर्धा गोंधळ तेथेच होतो, कारण माणसाच्या वागण्यावर तिन्हींचा परिणाम अगदी वेगवेगळा आहे.

बादली आणि खूण

आकडे सोपे राहावेत म्हणून किमान पातळी महिना 100 धरू, चलन कोणतेही असो. एका स्त्रीने 30 वर्षे वर्गणी भरली आहे आणि तिची स्वतःची पेन्शन 60 येते. तिच्या शेजारणीची नोकरी 10 वर्षांचीच, म्हणून तिची पेन्शन 20. सरकार दोघींच्या बादल्या 100 च्या खुणेपर्यंत भरून देते. पहिलीला वरून 40 मिळतात, दुसरीला 80. दोघींच्या हाती सारखेच 100 पडतात. गरिबी हटवण्याच्या दृष्टीने हे उत्तम झाले. पण पहिलीने जास्त भरलेल्या 20 वर्षांचे काय झाले, या प्रश्नाला या हिशेबात उत्तर नाही.

आता पहिलीला आठवड्यातून तीन सकाळी कपडे दुरुस्त करण्याचे काम मिळते आणि महिन्याला 30 सुटू लागतात. दोन महिन्यांनी कार्यालयाचे पत्र येते. त्यात एकाखाली एक मांडलेले असते: स्वतःची पेन्शन 60, मजुरी 30, बेरीज 90, देय पूरक रक्कम 10. म्हणजे पूरक रक्कम 40 वरून 10 झाली आणि एकूण पुन्हा 100. कामावर जाण्यायेण्याचे भाडे महिन्याला 5 लागत असेल, तर ती काम करून 5 ने खाली गेली. शिवाय गेल्या दोन महिन्यांत जास्त दिले गेलेले 60 परत करण्याची ओळ त्या पत्राच्या तळाशी असतेच. तिने काम सोडले, तर तिला आळशी म्हणणाऱ्याने हे पत्र आधी वाचावे.

जास्तीच्या प्रत्येक एककामागे सरकारी पूरक रक्कम जितकी घटते, त्याला आपण कपातीचा दर म्हणू. वरच्या उदाहरणात तो 100 टक्के आहे. उत्पन्नावरील कर इतका लावला तर कोणताही देश ढवळून निघेल. पण गरीब वृद्धांवर तो कर या नावाने लागत नसल्यामुळे कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

कपातीचा दर 50 टक्के केला, तर त्याच स्त्रीच्या मजुरीतले 15 जातात, 15 उरतात, भाडे वजा जाऊन 10 हाती लागतात. दर महिन्याची पहिली 30 पर्यंतची मजुरी हिशेबातच धरायची नाही असा नियम केला, तर तिचे काहीच जात नाही. तिन्ही प्रसंगी किमान पातळी 100 च आहे. रकमेत काडीचा फरक नसताना काम करावे की नाही याचे उत्तर मात्र उलटे झाले.

हे केवळ कागदावरचे उदाहरण नाही. ब्रिटनच्या 1908 च्या कायद्यात 70 वर्षांवरील व्यक्तीला आठवड्याला 5 शिलिंग मिळत, पण वार्षिक उत्पन्न 21 पौंडांपर्यंत असेल तरच. त्यापुढे उत्पन्न 2 पौंड 12 शिलिंग 6 पेन्सच्या टप्प्याने वाढले की पेन्शन आठवड्याला एकेक शिलिंगने घटत जाई आणि 31 पौंड 10 शिलिंगांच्या पुढे ती बंद होई. वरवर पाहता ही सौम्य उतरंड वाटते. जरा गुणाकार करून पाहा (तेव्हा एका पौंडाचे 20 शिलिंग आणि एका शिलिंगाचे 12 पेन्स होत). एक टप्पा म्हणजे वर्षाला साडेबावन्न शिलिंग जास्तीचे उत्पन्न, आणि त्याबद्दल कापला जाणारा आठवड्याचा एक शिलिंग म्हणजे वर्षाला 52 शिलिंग. कपातीचा दर जवळजवळ 100 टक्के. शंभर वर्षांनंतरही त्याच देशात पेन्शन क्रेडिटची हमी असलेली रक्कम घेणाऱ्या एकट्या वृद्धाची आठवड्याला साधारणतः फक्त 5 पौंडांची मजुरी हिशेबाबाहेर ठेवली जाते आणि पुढचा प्रत्येक पौंड पुरताच्या पुरता कापला जातो.

काम म्हणजे कोणत्या वयातले काम?

'पेन्शनमुळे लोक काम सोडतात' या वाक्यात तीन वेगवेगळी विधाने दडलेली आहेत आणि ती सुटी केल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही.

पहिले विधान पेन्शन सुरू झाल्यानंतरच्या कामाविषयी आहे. येथे पुन्हा दोन परिणाम वेगळे ठेवावे लागतात. हाती पैसा आला की माणसाला थोडे कमी राबणे परवडते, हा ऐपतीचा परिणाम. काम केले तरी हाती काही उरत नाही म्हणून काम सोडावे लागते, हा मोबदल्याचा परिणाम. ढासळलेल्या गुडघ्यांनी ओझी वाहणारा 72 वर्षांचा माणूस पेन्शन मिळाल्यावर घरी बसला, तर ते धोरणाचे अपयश नाही, तोच त्याचा हेतू आहे. काम करायची इच्छा आणि ताकद असलेला माणूस हिशेब बसत नाही म्हणून घरी बसला, तर मात्र धोरण चुकले.

अमेरिकेत 1935 च्या कायद्यानंतर राज्याराज्यांत गरीब वृद्धांसाठी मदत सुरू झाली आणि तिची रक्कम राज्यागणिक फार वेगळी होती. डॅनियल फेटर आणि ली लॉकवूड या अर्थशास्त्रज्ञांनी 1940 च्या जनगणनेच्या आधारे केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. या मदतीमुळे 65 ते 74 वर्षांच्या पुरुषांचा श्रमातील सहभाग 8.5 टक्के-अंकांनी घटला, असे त्यांना आढळले. हा परिणाम लहान नाही आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही: काम सोडावे लागल्यामुळे लाभार्थ्यांचे झालेले नुकसान बरेच कमी होते, कारण त्यांतील बहुतेकांना त्या वयात काम थांबवायचेच होते.

दुसरे विधान निवृत्ती केव्हा घ्यावी याविषयी आहे आणि त्यातली खोच कायद्याच्या मसुद्यात सहज निसटते. बहुतेक पेन्शन योजनांत लवकर निवृत्त होणाऱ्याची पेन्शन काही टक्क्यांनी कायमची कमी होते, जेणेकरून लोक घाई करणार नाहीत. आता असा कामगार घ्या, ज्याची पूर्ण वयाची पेन्शन 90 आहे आणि पाच वर्षे आधी निवृत्त झाल्यास ती 60 होते. किमान हमी 100 ची असेल, तर तो आज निवृत्त झाला काय किंवा पाच वर्षांनी झाला काय, हातात 100 च पडणार. लवकर निवृत्तीचा दंड त्याच्यापुरता पुसला जातो. चांगल्या पगाराच्या अधिकाऱ्याला तो दंड पुरेपूर बसतो. स्पेनमधील आकडेवारीवरून सर्जी हिमेनेझ-मार्टिन आणि आल्फोन्सो सांचेझ-मार्टिन यांनी 2007 मध्ये मांडलेला अंदाज असा होता की किमान पेन्शन नसती तर जितके लोक 60 व्या वर्षी, म्हणजे तेव्हाच्या पहिल्या संधीला, निवृत्त झाले असते, त्याच्या तिप्पट लोक ती असल्यामुळे निवृत्त होतात.

यावर उपाय नाही असे नाही. हमीची रक्कमच निवृत्तीच्या वयाशी किंवा भरलेल्या वर्षांशी जोडली, म्हणजे लवकर निवृत्त होणाऱ्याला 85 ची आणि पूर्ण वयाला निवृत्त होणाऱ्याला 100 ची हमी दिली, की ती पाच वर्षे पुन्हा मोलाची होतात. अडचण इतकीच, की अंग मोडून काम केलेला माणूस बहुधा आवड म्हणून लवकर निवृत्त होत नाही आणि त्यालाच ही 85 ची शिक्षा होते. त्यामुळे आजारपणाची स्वतंत्र पेन्शन चोख नसेल, तर हा उपाय कागदावरच देखणा दिसतो.

तिसरे विधान तरुण आणि मध्यमवयीनांविषयी आहे: म्हातारपणी मिळणारच आहे, तर आता वर्गणी कशाला भरायची? येथे लोक काम सोडत नाहीत, कामाची नोंद सोडतात. चिलीमध्ये 2008 पूर्वी किमान पेन्शनची हमी 20 वर्षांची, म्हणजे 240 महिन्यांची वर्गणी असेल तरच मिळे. 239 महिने भरलेल्याला हमी नव्हती. जो 100 महिन्यांवर अडकला आहे त्याला पुढचे भरण्यात अर्थ दिसत नसे आणि 240 पूर्ण झालेल्या अल्पवेतनी कामगाराला 241 वा महिना भरून काही मिळत नसे. 2008 च्या सुधारणेने ही पायरी काढून तेथे उतार घातला. एकही वर्गणी न भरलेल्या गरीब वृद्धालाही मूळ रक्कम द्यायची आणि ज्याची स्वतःची थोडी पेन्शन आहे त्याची पूरक रक्कम सावकाश कमी करत न्यायची, असे ठरले. भरलेल्या प्रत्येक महिन्याचा थोडा तरी उपयोग व्हावा, हा त्यामागचा विचार होता. तरीही सुधारणेनंतरच्या अभ्यासात चाळिशीपुढील कामगारांचा नोंदणीकृत नोकरीतील सहभाग काहीसा घटल्याचे आढळले. उतार घातला म्हणून परिणाम शून्य होत नाही. 239 आणि 240 यांमधली दरी मात्र बुजते.

जर्मनीने 2021 मध्ये आणलेल्या पूरक पेन्शनला 33 वर्षांची अट आहे, मुलांच्या संगोपनाची वर्षे त्यात धरून. पण 33 पूर्ण झाल्याबरोबर पूर्ण रक्कम न देता ती 35 व्या वर्षापर्यंत वाढवत नेली जाते. चिलीतून घेतलेला धडा म्हणा किंवा स्वतंत्रपणे सुचलेले शहाणपण म्हणा, रचना त्याच दिशेची आहे.

आजीच्या पेन्शनवर घरातले धडधाकट लोक बसून खातील, त्याचे काय?

हा आक्षेप हवेतला नाही. दक्षिण आफ्रिकेत तो आकडेवारीने मांडला गेला. तेथे वृद्धांची सरकारी पेन्शन गरीब घरांच्या उत्पन्नाच्या मानाने मोठी आहे आणि अनेक घरांत तीन पिढ्या एकत्र राहतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या घरात पेन्शन येते तेथील कामाच्या वयाची माणसे, विशेषतः पुरुष, कमी तास काम करतात. आक्षेप सिद्ध झाला असेच कोणालाही वाटावे.

पण त्या अभ्यासाने एका वेळी घरात राहणाऱ्या माणसांचीच मोजणी केली होती. पुढे क्वाझुलू-नाताल प्रांतात तीच घरे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या संशोधकांना, ज्यांचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, वेगळेच दिसले. पेन्शन सुरू झाल्यावर घरातली कामाच्या वयाची माणसे दूरच्या शहरांत नोकरीसाठी अधिक प्रमाणात बाहेर पडत होती. प्रवासाचा खर्च आणि काम मिळेपर्यंतचे दिवस काढायला आजीच्या पेन्शनचा पैसा होता आणि मुलांना सांभाळायला घरी आजी होती. जे कामावर गेले ते घरी नव्हते, म्हणून पहिल्या मोजणीत आलेच नाहीत. एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे केवळ 'घरात कोण' या व्याख्येमुळे निघाली. या विषयावरचा कोणताही आकडा ऐकताना मला ही गोष्ट आठवते.

त्याच देशाच्या माहितीवरून एस्तेर दुफ्लो यांनी 2003 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पेन्शन आजीच्या हाती येत असेल तर घरातील लहान नातींची वाढ, म्हणजे उंची आणि वजन, लक्षणीय सुधारते. ती आजोबांच्या हाती येत असेल तर तसा परिणाम आढळला नाही. पेन्शनचा पैसा आळसात जिरतो की पुढच्या पिढीच्या अंगी लागतो, हे तो कोणाच्या हाती पडतो यावरही अवलंबून असते.

गरिबी तरी नक्की कमी होते का?

होते, पण आपोआप नाही. गरिबी मोजण्याची श्रीमंत देशांत रुळलेली एक रीत अशी: देशातील सर्व माणसे उत्पन्नानुसार रांगेत उभी करायची, बरोबर मधल्या माणसाचे उत्पन्न पाहायचे आणि त्याच्या निम्म्याहून कमी उत्पन्न असलेल्याला गरीब धरायचे. या मोजपट्टीवर दक्षिण कोरियात सुमारे 40 टक्के वृद्ध गरीब आहेत, तर विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेची सरासरी 14 टक्क्यांच्या आसपास आहे. आता त्याच कोरियात 65 च्या पुढील एक तृतीयांशाहून अधिक लोक काम करतात आणि हे प्रमाण त्या संघटनेत सर्वांत वरच्यांपैकी आहे. पेन्शन तुटपुंजी ठेवली की लोक काम करतात, हे खरेच आहे. पण ते पडेल ते काम पडेल त्या मजुरीवर करतात आणि गरीबच राहतात. 2014 मध्ये तेथे खालच्या 70 टक्के वृद्धांसाठी मूळ पेन्शन सुरू झाली. लाभ बहुसंख्यांना आणि रक्कम तोकडी, असा तो मामला असल्याने गरिबी हलली, पण थोडीच. नेदरलँड्समध्ये 1957 पासून चालत आलेली मूळ पेन्शन देशात राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे 2 टक्के अशी जमत जाते आणि 50 वर्षांत पूर्ण होते. तेथील वृद्धांची गरिबी जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे.

रक्कम पुरेशी असली तरी ती तशीच राहील याची खात्री नसते. ब्रिटनने 1980 पासून मूळ पेन्शनची वाढ पगारांऐवजी महागाईशी जोडली. कोणाचेही एका वर्षात काही बिघडले नाही. पण सरासरी कमाईच्या सुमारे एक चतुर्थांश असलेली ती पेन्शन तीस वर्षांत घसरत जवळपास एक षष्ठांशावर आली. अमेरिकेत गरीब वृद्ध आणि अपंगांसाठी 1974 पासून चालणाऱ्या केंद्रीय योजनेत एकट्या व्यक्तीजवळची बचत 2000 डॉलरहून जास्त असता कामा नये, अशी अट आहे. हा आकडा 1989 पासून बदललेला नाही. एखादी मर्यादा न बदलणे हाही निर्णयच असतो, फक्त तो कोणाला जाहीर करावा लागत नाही.

आणि मग अर्जाचा प्रश्न. उत्पन्न तपासून दिल्या जाणाऱ्या मदतीत पात्र असूनही न मागणारे नेहमीच पुष्कळ असतात. ब्रिटनमध्ये पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते घेत नाहीत. कोणाला माहिती नसते, कोणाला लांबलचक फॉर्म झेपत नाही आणि कोणाला तो भरणे म्हणजे आपली गरिबी लिहून देणे वाटते. जर्मनीच्या 2021 च्या योजनेत म्हणूनच अर्ज ठेवलेला नाही. पेन्शन कार्यालय करखात्याकडून माहिती घेते आणि हक्क असेल तर रक्कम आपोआप वाढवते. कारकुनी वाटणारी ही बाब मला रकमेइतकीच महत्त्वाची वाटते.

साठवणाऱ्याचे नुकसान होते, या आक्षेपात तथ्य आहे का?

आहे. त्याचे ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील वृद्धांची पेन्शन मालमत्ता पाहूनही ठरते. राहते घर सोडून ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मालमत्ता असेल, तर वरच्या दर 1000 डॉलरमागे पंधरवड्याला 3 डॉलर कापले जातात. ही कपात 1 जानेवारी 2017 पासून दीड डॉलरवरून दुप्पट करण्यात आली. वर्षाचे 26 पंधरवडे धरले तर 1000 डॉलरमागे 78 डॉलर जातात. म्हणजे त्या पट्ट्यात असलेल्या माणसाला आपल्या बचतीवर वर्षाला 7.8 टक्क्यांहून कमी परतावा मिळत असेल, तर त्याच्याजवळ जितकी जास्त बचत तितके त्याचे उत्पन्न कमी. इतका परतावा सुरक्षित ठेवीत मिळणे अवघड. काटकसरीने राहिलेल्या माणसाने हा हिशेब पाहून पैसे घराच्या दुरुस्तीत किंवा प्रवासात उडवले, तर ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. ब्रिटनने 2003 मध्ये हाच काच सैल करण्यासाठी थोडी बचत असलेल्यांना एक जोडरक्कम सुरू केली होती. ज्यांच्या जास्तीच्या एका पौंडामागे पूर्वी पूर्ण पौंड कापला जाई, त्यांना त्यातले 60 पेन्स राखता येऊ लागले. एप्रिल 2016 नंतर पेन्शनच्या वयाला पोचणाऱ्यांसाठी ती बंद झाली.

मग कपातच का करावी? सर्वांनाच सरसकट द्यावे

कपात नाही म्हणजे कामाला अडसर नाही, अर्ज नाही, लाज नाही. न्यूझीलंडमध्ये 65 वर्षांचा माणूस नोकरीत असो वा नसो, त्याला पेन्शन मिळते, आणि तेथे त्या वयापुढे काम करणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांत वरच्या रांगेत आहे. पेन्शनने माणूस आळशी होतोच असे मानणाऱ्यांनी या एका देशाचे उत्तर द्यायला हवे.

मात्र सरसकट देण्याला पैसा लागतो आणि तो पैसा कोणाच्या तरी पगारातून कराच्या रूपाने येतो. येथे एक त्रांगडे आहे, जे कोणत्याही सरकारला चुकत नाही. किमान पातळी 100 ठेवली आणि कपातीचा दर 100 टक्के, तर मदत 100 उत्पन्नावर संपते. दर 50 टक्के केला तर ती 200 पर्यंत पोचते आणि 25 टक्के केला तर 400 पर्यंत. दर जितका सौम्य, तितकी मदत वरच्या उत्पन्नाच्या लोकांपर्यंत जाते आणि खर्च फुगतो. शिवाय पूर्वी ज्यांच्यावर कपात लागूच नव्हती, असे मधल्या उत्पन्नाचे लोकही आता तिच्या कक्षेत येतात. पातळी चांगली असावी, कपात सौम्य असावी आणि खर्च कमी असावा, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. जो पुढारी तिन्हींचे आश्वासन देतो, त्याने गुणाकार केलेला नाही किंवा केला असून सांगितलेला नाही.

कॅनडाने या त्रांगड्यातून काढलेली वाट मला त्यातल्या त्यात पटते. सर्वांना मूळ पेन्शन द्यायची आणि फार मोठे उत्पन्न असलेल्यांकडून ती करातून, मर्यादेवरील प्रत्येक डॉलरमागे 15 सेंट अशा सावकाश गतीने, परत घ्यायची. गरिबांना वरून पूरक रक्कम द्यायची. ती साधारणपणे डॉलरमागे 50 सेंटने कापली जाते, पण 2020 पासून मजुरीचे वर्षाचे पहिले 5000 डॉलर हिशेबात धरलेच जात नाहीत आणि पुढच्या 10,000 डॉलरचा निम्माच भाग धरला जातो. तीन सकाळी कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या स्त्रीला अशा ठिकाणी कार्यालयाचे पत्र बहुधा आलेच नसते.

ब्रिटनमध्ये हिवाळ्याच्या रकमेचा वाद वर्षभर धुमसला आणि जून 2025 मध्ये सरकारने माघार घेतली. आता ती इंग्लंड आणि वेल्समध्ये पुन्हा सर्व वृद्धांना दिली जाते आणि ज्यांचे वार्षिक करपात्र उत्पन्न 35,000 पौंडांहून अधिक आहे त्यांच्याकडून करखाते ती पूर्णच्या पूर्ण वसूल करते. वेगळा अर्ज करावा लागत नाही, त्यामुळे कोणी गरीब वृद्ध यादीबाहेर राहत नाही. मात्र 35,000 च्या एक पौंड पुढे गेलेल्याची सगळी रक्कम जाते. म्हणजे कडा तुटलेली नाही, ती उचलून अशा जागी नेली आहे जेथे उभी असलेली माणसे थोडी आहेत आणि ज्यांना 200 पौंडांसाठी आपले उत्पन्न कमी दाखवण्याची गरज सहसा पडत नाही.